भाकरीचे चार तुकडे

चार वाजले की नातीचं दप्तर पहिले घरात येते, मंग नात. दारातूनच ती ते खाटेवर फेकते अन् म्हणते, "आजी, भूख लगी है." मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सगळ्याच मराठी घरात असं चालू आहे. तिले समजते सगळं, जिभेवर येत नाही एवढंच.

आम्ही इकडं छत्तीसगढात, गुढियारीत राहतो, मालधक्क्याच्या मांगं, दोन खोल्यात. पोरगा लांब, उरला गावाले लोखंडाच्या कारखान्यात जातो, एक हप्ता दिवसपाळी, एक हप्ता रातपाळी. सून दवाखान्यात आयाचं काम करते, अंधार पडता पडता येते. म्हून पोरीचा अभ्यास माह्याकडं आला. कोणी विचारून दिला नाही. घरात जे काम कोणाच्यानं होत नाही ते म्हातारीकडं येते, तसा तो आला.

मी शिकली दुसरीपर्यंत, वर्ध्याकडच्या माह्या माहेरच्या गावात. तिसरीत नाव टाकाच्या टायमाले माय बिमार पडली, धाकट्या भावाले सांभाळाले मी घरी राह्यली. तेव्हा वाईट वाटलं का, असं नातीनं एक दिवस विचारलं. मी म्हणली, बाई, वाटाले वेळ नव्हता.

अक्षरं मातर मेली नव्हती, निजली होती. नातीच्या चौथीच्या पुस्तकानं एकेक उठवलं. तिचं पुस्तक हिंदी, पण अक्षर तर आपलंच. तिनं धडा वाचाचा अन् मी समोर सुपात तांदूळ निवडाचे, अशी आमची बैठक. पहिले पहिले ती मले फसवे. अवघड शब्द आला की डबक्यावरून उडी मारावी तशी उडी मारे अन् पुढं पळे.

"इथं काहीतरी राह्यलं," मी म्हणे.

"नहीं राह्यलं."

"राह्यलं. मांगं जा."

"आपको कैसे पता? आपको तो पढ़ना नहीं आता."

"वाचता नाही येत. ऐकू तर येते."

ती तोंड वाकडं करून वापस येई, अन् तो शब्द फोडून फोडून वाचे. मंग आम्ही दोघी त्याचा अर्थ शोधत बसू. कधी सापडे, कधी नाही. नाही सापडला तर ती म्हणे, मॅडम से पूछूँगी, अन् दुसऱ्या दिवशी विसरून जाई.

लिवाचंही तसंच. तिले रोज एक पान सुलेख असे. तिचे अक्षर ओळीवरून खाली घसरत. मी म्हणली, मीही लिवते तुह्यासंगं, पाहू कोणाचं सरळ येते. तिनं मले जुनी पाटी दिली अन् स्वतः मॅडम झाली. माहा 'र' पाहून म्हणे, "आजी, आपका र सो रहा है. उठाओ उसको." मी त्याले उठवलं. अजूनही तो थोडा टेकूनच उभा राहतो, पण तिच्या वहीत पालकाची सही आता मीच करते. सुनेची सही आधी दोन रेघा होती. माह्या सहीत पूरं नाव आहे.

हे सगळं हसतखेळत चाललं असतं, पण यंदा एक गोष्ट मनाले लागून होती. तिमाही परीक्षेत पोट्टी गणितात नापास झाली. वाचनातही मॅडमनं लाल रेघ मारली. त्या संध्याकाळी सून माह्याजोळ येऊन बसली. दवाखान्याची साडीही बदलली नव्हती तिनं.

"आई, तुमच्यावर राग नाही माहा," ती म्हणली. "पण तुम्हाले येत नाही अन् मले वेळ नाही. नागपूरले माही वहिनी शाळेत शिकवते. पोरीले मामाकडं ठेवू म्हणते. छमाहीपर्यंत पाहू, नाही जमलं तर पाठवू."

"एवढ्या लहान पोरीले?"

"मी दुसऱ्यांची घाण काढते, आई. तिनं नको काढाले."

तिचं खरं होतं. पोरगा भिंतीले टेकून बसला होता, पायाले तेल लावून राह्यला होता. तो म्हणला, "पाहू." त्याचं सगळं पाहूच असते.

ही पोट्टी तान्ही होती तेव्हापासून माह्या अंगाले चिकटून निजते. सकाळी तिची वेणी मी घालते. नागपुरात वेणी कोण घालीन, हेच मले सुचलं त्या दिवशी. शिक्षण, परीक्षा, हे नाही सुचलं. मी भांडे घासाले बसली. नंतर पाह्यलं तर घासलेलंच ताट परत घासून राह्यली होती.

तर छमाहीपर्यंत आमचा अभ्यास जोरात सुरू झाला. वाचन सुधरलं. सुलेख सुधरला. अडलं ते भिन्नापाशी. भिन्न म्हणजे एका वस्तूचे तुकडे, खाली एक आकडा, वर एक आकडा, मधात रेघ. ती म्हणे, एक बटा चार. मले काही उमगे ना.

"चाराच्या डोक्यावर एक काहून बसला?" मी विचारलं.

"मतलब चार में से एक."

"चार काय?"

"कुछ भी. रोटी."

रोटी म्हणली तशी मी सुपात हात थांबवला. रोटीचे तुकडे मले येतात. त्यात मी आयुष्य काढलं.

पोराचा बाप मालधक्क्यावर हमाल होता. तापात गेला. पोरगा तेव्हा शाळेत जाऊ लागला होता, पोरगी त्याच्याहून लहान. घरात सासू. मी व्यापाऱ्याच्या गोदामात धान्य निवडाले जाऊ लागली. दिवसभर बसून काम. तिथं आम्हा बायांले एक सवलत होती. पोते उतरताना ज्वारी सांडे, ती संध्याकाळी झाडून घरी न्याले मिळे. खडे असत, माती असे, पण ज्वारी असे. इथं सगळे भात खाणारे, सकाळी आम्हीही भातच खाऊ, नाहीतर बासी, म्हणजे रात्री पाण्यात ठेवलेला भात. पण सासू विदर्भातली, संध्याकाळी भाकर पाहिजे म्हणजे पाहिजे. त्या झाडलेल्या ज्वारीची कधी पुरती भाकर होई, कधी सगळ्यांत मिळून एकच.

एक झाली की तिचे चार तुकडे. अन् त्याचा आमच्या घरी नियम होता. ज्याले उद्या जास्त लांब जायचं त्याचा तुकडा मोठा. पोराची शाळा रुळाच्या पलीकडं, पायी जाणं, म्हून त्याचा सगळ्यात मोठा. पोरीची शाळा जवळ, तिचा त्याच्याहून लहान. सासू नळावर पाण्याले जाई, तिचा मधला. माहं काम बसून, म्हून माहा बारीक. कोणाले सांगा नाही लागलं कधी. मी तोडे अन् ज्याचं त्याच्या ताटात जाई. पोरगा मोठा तुकडा पाहून विचारे, "आई, उद्या शाळा आहे का?" सुट्टीच्या आधल्या संध्याकाळी तुकडा लहान आला की त्याले कळे, उद्या सुट्टी.

हे सगळं मी नातीले सांगतलं. तिले खूप आवडलं. अन् तेच तिले भिन्न म्हून शिकवलं. एक भाकर, चार माणसं, ज्याले लांब जायचं त्याचा मोठा.

पुढच्या हप्त्यात वर्गात परीक्षा झाली. प्रश्न होता, माँ ने एक रोटी चार लोगों में बाँटी, चित्र बनाकर बताओ हर एक को कितना हिस्सा मिला. नातीनं सुंदर गोल भाकर काढली. चार तुकडे केले. सगळ्यात मोठ्यात लिवलं पापा, अन् बाजूले कारण लिवलं, क्योंकि उनको उरला जाना है. मंग मम्मी, तिले दवाखान्यात जायचं. मंग स्वतः. अन् एक नखाएवढा तुकडा, त्यात आत नाव मावे ना, म्हून बाहेरून बाण काढून लिवलं, आजी.

त्यावर मोठी लाल काट अन् पालकाले बोलावणं.

पोरगा रातपाळी करून निजला होता, सून कामावर. मी लुगडं बदललं अन् गेली. तिच्या शाळेच्या आत मी पहिल्यांदाच पाय ठेवला, आतापर्यंत फाटकापासूनच पोरीले घेऊन येत होती. मॅडम तरुण, इथलीच छत्तीसगढी. मले पाहून उठून उभी राह्यली.

"बैठव दाई," म्हणली. दाई म्हणजे इकडं आई. मी बाकावर बसली. बाक लहान पोरांचा, माहे गुडघे छातीले लागले.

तिनं ते चित्र समोर ठेवलं. "ये बिटिया को किसने सिखाया?"

"मैंने," मी म्हणली. माही हिंदी अशीच, तुटकी. "ज्याले दूर जाना है, उसका बड़ा. हमारे घर में ऐसाच चलता."

मॅडम हसली नाही. चित्राकडं पाहत बसली. मंग तिनं विचारलं, "और ये छोटा वाला आपका?"

"हव. मेरा काम बैठके था."

तिनं पदरानं टेबल पुसलं, पुसाची काही गरज नव्हती. मंग म्हणली, "दाई, घर में आपका नियम सही है. कॉपी में मेरा नियम चलेगा. भिन्न में सब हिस्से बराबर होते हैं. एक बाल का भी फरक नहीं. तभी एक बटा चार बोल सकते हैं."

"बराबर?"

"बराबर. चाहे कोई उरला जाए, चाहे घर बैठे."

मी वापस येताना रस्त्यानं हाच विचार केला. सगळ्यांचे बराबर तुकडे असं मी आयुष्यात कधी तोडलं नव्हतं. येईन का हाताले?

नाही आलं. संध्याकाळी नातीसमोर पोळी घेऊन बसली, जपून चार केले, तरी एक मोठाच. परत दुसरी घेतली. नात हसू लागली. "आजी, फिर से पापा वाला निकला." हाताची सवय, डोक्याचं ऐकत नाही. विळीनं कापून पाह्यलं. तेही तिरपं. पोट्टीनं पट्टी लावली पोळीले, तर पोळीच्या तेलानं पट्टी चिकट झाली अन् तिले मायचा ओरडा बसला तो वेगळा. "अब नागपुर में पट्टी खरीदना," असं सून बोलून गेली अन् मंग स्वतःच पट्टी धुवाले बसली. छमाही परीक्षा जवळ आली होती.

दुसऱ्या दिवशी मी पोळ्या करून राह्यली होती. नात ओट्याजोळ उभी, तोंडानं पाढे. आपली पोळी म्हणजे घडीची. शेजारच्या घरी गोळा लाटला की सरळ तव्यावर. आपण थोडी लाटतो, तेल लावतो, अर्धी दुमडतो, परत तेल, परत दुमडतो, ते तिकोनी झालं की मंग मोठी लाटतो. मी दुमडलं अन् पिठात बुडवाले उचललं, तर तिनं माहा हात धरला.

"आजी, रुको. खोलो."

"आता काय खोलू, चिकटन ते."

"खोलो ना."

मी उलगडलं. पोळीवर दोन रेघा पडल्या होत्या, एक उभी, एक आडवी. तिनं वाकून पाह्यलं. एक एक भागावर बोट ठेवलं. मंग परत स्वतः घडी घातली अन् काठाले काठ लागतो का ते पाह्यलं. लागला.

"ये तो बराबर है," ती म्हणली. "एक बटा चार."

मी पाहत राह्यली. घडी घालताना मी कोणाचा विचार करत नाही. कोण उरल्याले जाते, कोण घरी राहते, हे तेव्हा हाताले माहीतच नसते. म्हून ते सारखं होते.

"आपण याले चतकोर म्हणतो," मी म्हणली.

"चतकोर," ती म्हणली. हा मराठी शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला मी. "दो चतकोर?"

"अर्धी."

"तीन?"

"पाऊण."

"फिर एक और मोड़ो तो?"

त्या संध्याकाळी पोळ्या उशिरा झाल्या. रोज पिठाचा एक गोळा तिचा. अर्धी, चतकोर, चतकोराची अर्धी. पीठ वाया नाही गेलं, सगळं लाटून, भाजून खाल्लं आम्ही. पोरगा म्हणे, आज पोळीवर बोटं कोणाचे उमटले? नात म्हणे, "वो भिन्न है पापा, खा लो."

एकच गोष्ट राह्यली. एक बटा तीन. तिनाची घडी काही केल्या जमे ना. एकीकडून दुमडली की दुसरीकडून उघडी. मॅडमनं वर्गात सांगतलं होतं, पण पोरीले ते घडीतूनच पाहिजे होतं. मी म्हणली, तीन सोड, बाकीचं पक्कं कर. दुसरं काय सांगणार होती मी.

छमाही झाली. निकाल आला त्या दिवशी पोराची रातपाळी होती, म्हून जेवण लवकर होतं. सुनेनं निकालाचा कागद दिव्याखाली धरला. वाचन चांगलं. लेखन चांगलं. गणितात पास, पण कसंबसं. अर्धी, पाव, पाऊण सगळं बरोबर. तिनाचं सगळं चूक.

"पास आहे," पोरगा म्हणला.

"काठावर," सून म्हणली. "माह्या भावाचा फोन आला होता. या सुट्टीत आणून सोडा म्हणतो. वहिनीनं शाळेत बोलून ठेवलं."

पोरगा म्हणला, "पाहू."

मी चुलीजोळ होती. त्या दिवशी मी ज्वारीची भाकर केली होती, पोराले आवडते म्हून. सगळ्यांच्या ताटात एक एक गेली होती अन् शेवटची तव्यावर. ती उतरवली अन् चार तुकडे केले, ज्याच्या त्याच्या ताटात टाकले. मी काही ठरवून केलं नाही. हातानं केलं.

नातीनं ताटात पाह्यलं. मंग बापाच्या ताटात पाह्यलं. मंग माह्याकडं.

"आजी, ये बड़ा वाला मेरे को क्यों दिया?"

मी पण तेव्हाच पाह्यलं.

"खा वं गुपचूप," मी म्हणली.

"उरला तो पापा को जाना है." तिचा आवाज बारीक झाला. "मैं कहीं नहीं जा रही. मेरे को बड़ा नहीं चाहिए."

तिनं तो तुकडा माह्याकडं सरकवला. मी परत तिच्याकडं सरकवला नाही, घेतलाही नाही. तो मधात पडून राह्यला. सून कागदाची घडी घालून राह्यली होती, ती थांबली. तिलेही हा नियम माहीत होता, या घरात आल्यापासून तिचा तुकडा दवाखान्याच्या रस्त्याप्रमाणं लहानमोठा झाला आहे.

पोरगा त्या तुकड्याकडं पाहत होता. लहानपणी तसाच तुकडा त्याच्या ताटात पडे. त्यानं तो उचलला. भाकरीले घडी पडत नाही, ती तुटते. त्यानं मोडून मोडून थोडी आपल्या ताटात घेतली, थोडी बायकोच्या, थोडी पोरीच्या. अन् जास्तीची माह्या ताटात ठेवली. मंग बोटं चाटली अन् सुनेले म्हणला, "भावाले सांग, सुट्टीत येईन ती. आठ दिवस. राहाले नाही."

"अन् गणित?"

"दिवसपाळीच्या हप्त्यात मी बसतो तिच्यासंगं. तिनाचं मले येते."

"तुम्ही बसता. खाटेवर पडले की घोरता."

"तर मले उठवा."

सुनेनं कागदाची घडी पूरी केली. मंग पोरीले म्हणली, "तिसरा हिस्सा जर नाही आला ना वार्षिकले, तर मी स्वतः गाडीत बसवीन तुले." पण असं म्हणताना तिनं आपल्या ताटातली भाकर पोरीच्या ताटात टाकली. नातीनं खाली मान घालून खाल्ली. मीही खाल्ली. माह्या ताटात आली तेवढी भाकर मले जास्तच होते. पण उरवली नाही.

पोरगा टिफिन घेऊन गेला. बाहेर गाडी चालू केली अन् बराच वेळ तशीच उभी ठेवली, मंग गेला.

सकाळी मी नातीची वेणी घालाले बसली. तेल लावलं, फणी फिरवली, केस वाटून घेतले अन् पेड घालाले सुरुवात केली. ती आरशात पाहत होती.

"आजी, रुको," ती म्हणली. "तीन."

मी हात थांबवले.

"ये तीन हैं. बराबर हैं क्या?"

"कधी पाह्यलं नाही, बाई."

तिनं मांगं हात नेऊन एक एक पेड बोटांत धरून पाह्यला. "ये वाला थोड़ा मोटा है," म्हणली.

मी वेणी सोडली, अन् केस परत वाटले.